मागलं दार नसलेलं घर

आमच्या घराला मागलं दार नाही. एक पुढचं दार पूर्वेला आहे आणि दुसरं पुढचं दार पश्चिमेला. दोन्हींना उंबरा, दोन्हींना तोरण, दोन्हींसमोर रांगोळी, म्हणजे सणासुदीला माझ्या कमरेचे हाल दुप्पट. दोन दारांच्या मध्ये एक सरळसोट मोठी खोली आहे. तिला आम्ही हॉल म्हणतो आणि वाडीतले लोक बोगदा म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीने मला ऐकवलं, की अशा घरात लक्ष्मी टिकत नाही, एका दारानं येते आणि दुसऱ्या दारानं निघून जाते. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे देवीनं असंच यायचं आणि असंच जायचं, पंचायतीनं तसं लेखी दिलंय. तिला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, परवानगीच्या कागदावर तसं खरंच लिहिलेलं आहे.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं पटेल. मी मुंबईत महापालिकेच्या शाळेत बाई होते. आवाज खणखणीत आणि नाकावर राग. आमचे हे छापखान्यात होते, आणि स्वभाव असा की बसमध्ये कुणी ह्यांच्या पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणणार. लग्नापासून ह्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. चहात साखर कमी पडली तरी तसाच पिऊन मोकळे. मागितली ती एकच गोष्ट.

आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात, हातखंब्याहून आत. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते, सहाणेवर म्हणजे वाडीच्या चौथऱ्यावर बसते आणि तिथून घरोघरी जाते. ढोल वाजतात, गडी पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, मग ती घरात येऊन पाटावर बसते. बायका ओटी भरतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरवाल्याचं नाव घेऊन देवीला सांगतो, की हे तुझं लेकरू, ह्याला सांभाळ. बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ह्यांनी नोकरीत सगळ्या रजा शिमग्यासाठी राखल्या. दरवर्षी यायचं, पालखीच्या दांड्याखाली खांदा द्यायचा आणि लोकांच्या अंगणात नाचायचं. घर म्हणाल तर ते थोरल्या भावाचं, आमच्या दादांचं. त्यामुळे तिथलं गाऱ्हाणं दादांच्या नावानं, आणि शेवटी गुरव एका दमात म्हणायचा, ‘आणि मुंबईची मंडळी.’ त्या मंडळीत आमचे हे, मी, आणि गावाचं तोंड विसरलेला एक चुलतभाऊ, सगळे एका टोपलीत.

ह्यांच्या निवृत्तीच्या वर्षी शिमगा आटपून एसटीनं परत जाताना हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “लोकांच्या अंगणात नाचून खांद्याला घट्टा पडला. आपल्या दारात एकदा पालखी यावी, माझं नाव घ्यावं. बस.” मुंबईतली खोली विकायचं मी तिथेच, एसटीत पक्कं केलं.

जागा होती. वाटणीत ह्यांना आलेला तुकडा, सातबारा वेगळा झालेला, गावठाणाला लागून. एका अंगाला सहाण, दुसऱ्या अंगाला दादांचं घर, मध्ये आम्ही. इतकी वर्षं मोकळी असल्यामुळे ती जागा म्हणजे दादांचं वाढीव अंगणच झालं होतं. गवताची उडवी तिथे, सुकत घातलेली आमसुलं तिथे, त्यांच्या मुलाची मोटार तिथे. आम्ही सामान घेऊन आलो ते दादांच्याच पडवीत उतरलो. दुसरीकडे जाणार कुठे?

हातखंबा तिठ्यावर एक इंजिनीयर होता, त्याच्याकडून नकाशा काढला. पंचायतीत अर्ज टाकला. ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “बाई, सगळं व्यवस्थित हाय. फक्त ग्रामसभेत वाचून दाखवतो, कोणाची हरकत नसली की दिली परवानगी.” मी खूश. जाताना त्यांना चहासुद्धा पाजला.

ग्रामसभेत भाऊसाहेबांनी अर्ज वाचला, “कोणाची हरकत?” विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा कागद उचलला. तेवढ्यात दादा उठले. “हरकत हाय. पालखीची वाट अडते.”

पाण्याच्या नळावरून एकमेकांच्या अंगावर धावणारी माणसं चपलांकडे बघायला लागली. कारण खोटं नव्हतं. सहाणेवरून उठलेली पालखी आमच्या मोकळ्या जागेतून सरळ दादांच्या दारात जायची. वाडीतलं पहिलं घर त्यांचं, पहिला मान त्यांचा. पालखीच्या वाटेत भिंत बांधा असं म्हणायची छाती कोणाची? भाऊसाहेब बाहेरगावचे, त्यांना तर घामच फुटला. त्यांनी आमचा अर्ज पालथा घालून त्यावर पेपरवेट ठेवला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान हलवत होते. मला वाटलं रागानं हलवतायत. नाही, “बरोबर आहे दादाचं” असं म्हणत होते.

आणि गंमत बघा, घरी तर एकाच छपराखाली. जेवायला एकाच पंक्तीत. दादा मला म्हणाले, “धाकटे, कढी चांगली झाल्ये.” मी म्हटलं, “घ्या आणखी, हरकत नसेल तर.” जाऊबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्या मनानं आमच्या बाजूच्या होत्या, पण नवऱ्यासमोर बोलायची सोय नव्हती. दादांना खरं दुखत होतं ते कुठे, हे जाऊबाईंनीच मला चुलीपाशी सांगितलं. वाट बाजूनं काढता आली असती, पण आमचं घर उभं राहिलं की पहिलं दार आमचं होणार. पहिला मान जाणार. ते मात्र दादा मेले तरी तोंडानं बोलणार नाहीत.

बरं, मान तुमचा, जागा आमची, आणि वाट देवीची. मला झोप लागेना. सकाळी उठले ती माझी कापड मोजायची टेप पर्समध्ये घालून तडक देवळात. गुरवाला म्हटलं, “पालखी मोजायची आहे.” त्याच्या हातातलं फुलांचं तबक तसंच राहिलं. “मोजायची? कशाला? देवीला काय नवी साडी घेताय?” मी म्हटलं, “घर घेतेय.” त्यानं गाभाऱ्याकडे बघून काहीतरी पुटपुटत परवानगी मागितली आणि मला टेपचं दुसरं टोक धरून दिलं. रुंदी, उंची, दांड्याची लांबी, सगळं लिहून घेतलं.

ते घेऊन इंजिनीयरकडे गेले. म्हटलं, वाट अडत असेल तर वाट घरातूनच काढ. समोरासमोर दोन दारं, दोन्ही एवढी रुंद, एवढी उंच, मध्ये एक खांब नको. पालखी ह्या दारानं येईल, बसेल, त्या दारानं दादांकडे जाईल. पोरगा बिचारा शहाणा होता. म्हणाला, “काकी, घर बांधताय की टोलनाका?” पण काढला त्यानं नकाशा. मधून तुटक रेघ ओढून वर अक्षरं घातली, ‘पालखी मार्ग’. मी तो भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी ती तुटक रेघ एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत बोटानं गिरवली. मग म्हणाले, “अशी नोंद मी आजपर्यंत कुठं बघितलेली नाय.” मी म्हटलं, “मग आता बघा.”

पुढच्या सभेत दादा तयारच होते. “पालखी मागल्या दारानं बाहेर जात नाय,” ते म्हणाले. “मागल्या दारानं खरकटं जातं.”

पुन्हा चपला बघणं सुरू. पुन्हा दादांचं खरं. मी तिथल्या तिथे पेन काढलं, नकाशावरचं ‘मागील दार’ खोडलं आणि ‘मुख्य दार’ लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, “बाई, मुख्य दार तर पुढं हाय.” म्हटलं, “तेही मुख्य.” “मग मागलं कुठलं?” “मागलं नाहीच.” “मग खरकटं?” “स्वयंपाकघराला बाजूनं दार आहे, खरकटं तिकडून जाईल, तुम्ही नका काळजी करू.” सभेत कोणीतरी फिसकन हसलं. दादांच्या कपाळावर आठी चढली, पण ते हटले असं नव्हे. त्यांच्याकडे अजून एक कारण बाकी होतं.

“पालखी काय शाळेतल्या पोरांसारखी रांगेत चालते? ती नाचत येते. दारात घोटाळते, फिरते, मागं जाते. भिंतीला दांडा लागला, देवीला धक्का बसला, तर जबाबदार कोण? भाऊसाहेब, तुम्ही?”

भाऊसाहेबांना जबाबदार हा शब्द मुळीच सोसत नाही. त्यांनी घाईघाईनं जाहीर केलं, की येत्या रविवारी स्थळपाहणी होईल, सर्वांनी जागेवर यावं, आणि जे दिसेल ते मी लिहीन. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “राहू दे ना. पडवीत काय वाईट आहे?” त्या दिवशी मी ह्यांच्यावर इतकी चिडले, की रात्रीचा भात मुद्दाम करपवला. तुम्हाला घर हवंय की नकोय, एकदा सांगा. हे खाली मान घालून करपलेला भात खात म्हणाले, “हवंय गं. पण भावाशी भांडून मिळालेल्या घरात देवी येईल का?” ते ऐकूनच मला एक कल्पना सुचली.

दादा पालखीचे नंबर एकचे नाचवणारे. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा खांदा नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करतात. आणि दुसऱ्यानं वाकडातिकडा खांदा दिलेला त्यांना बघवत नाही. ढोल चुकला तरी त्यांचे दात करकरतात. मी शाळेत जन्म काढलाय. जो मुलगा फळ्याजवळ येत नाही त्याला आणायची युक्ती मला माहीत आहे, फळ्यावर गणित चुकीचं मांडायचं.

रविवारी सकाळी मी आणि इंजिनीयरनं जागेवर चुन्याच्या फक्कीनं घर आखलं. भिंती, दोन मुख्य दारं, स्वयंपाकघर, सगळं मापात. दारांच्या जागी काठ्या रोवून वर आडवी सुतळी बांधली, उंची कळावी म्हणून. पालखी म्हणून बांबूची शिडी आणली आणि तिच्यावर गवत वाहायचं डालगं पालथं बांधलं. गुरव म्हणाला, नुसतं असं चालणार नाय, देवीला सांगून येतो की ही खेळातली हाय, रागावू नको. तो जाऊन सांगून आला. सगळी वाडी जमली. ढोलवाले तर न बोलावता आले.

आणि खांद्यासाठी पुढे मी कोणाला उभं केलं? एक आमचा शेजारी, जो जन्मात कधी तालात चालला नाही, आणि दुसरे पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांचा एक खांदा मुळातच खाली. मागे हे आणि तो इंजिनीयर. हे माझ्याकडे बघतच राहिले. मी डोळ्यांनी गप्प केलं.

ढोल वाजला. शिडी उठली आणि पहिल्याच पावलाला न्हाणीघरात शिरली. लोक ओरडायला लागले, “अरे भिंतीतून कुठं चाललास मेल्या, दार इकडं हाय.” शेजारी मागे फिरला तर पोस्टवाले पुढे गेले, डालगं कलंडलं. दाराच्या सुतळीत दांडा अडकून काठी उपटली गेली. एक म्हातारी माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध पान खात बसली होती, तिला बाया म्हणाल्या, ओट्यावरून ऊठ गो, शेगडी हाय तिथं. भाऊसाहेब वही सांभाळत मागे सरकत होते ते नेमके संडासात उभे. मी म्हटलं, भाऊसाहेब, कडी लावून घ्या.

मी मात्र एका डोळ्यानं दादांकडे बघत होते. ते उडवीजवळ हात बांधून उभे होते. सुरुवातीला चेहऱ्यावर हसू, बघा मी सांगत होतो असं. मग हसू गेलं. मग पाय तालावर हलायला लागला. शेजाऱ्यानं शिडी अशी काही गरागरा फिरवली, की गुरवानं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दादा धावले. “ठेव. ठेव म्हणतो ना. लाज नाय वाटत? देवी म्हणायची ही? असं वळवतात? पाय आधी टाक, खांदा मग.” त्यांनी पोस्टवाल्यांना बाजूला सारलं, शेजाऱ्याला हाकललं आणि ह्यांना हाक मारली. “ये रे, पुढं ये. दाखवू ह्यांना.”

दोघं भाऊ पुढं दांड्याखाली गेले, मागे इंजिनीयरच्या जोडीला वाडीतला एक गडी आला. ढोलवाल्यांना दादांनी नजरेनंच ताल दिला. काय सांगू तुम्हाला, त्या डालग्यात कोणी नव्हतं, पण बायकांनी आपसूक हात जोडले. शिडी नाचत नाचत दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या रेघेपाशी घुटमळली, एक पाऊल मागे, दोन पुढे, झुकली, आणि लोण्यातून सुरी जावी तशी दारातून आत. आत तिनं चांगल्या दोन गिरक्या घेतल्या. एकाही चुन्याच्या रेघेला कोणाचा पाय लागला नाही. मग समोरच्या मुख्य दारानं सुतळीखालून बाहेर, थेट दादांच्या अंगणात. ढोल थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा घाम पुसत म्हणाले, “असं करतात.” आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

भाऊसाहेब संडासातून बाहेर येऊन लिहीत होते. मोठ्यानं वाचून दाखवलं, की समक्ष पाहणी केली असता प्रस्तावित घरातून पालखी नाचवत नेता येते, मार्गास अडथळा नाही. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी साडीच्या निऱ्या झटकत होते. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत, आणि मला वाईट वाटलं. जिंकल्याचं सुख होतंच, खोटं कशाला बोलू, पण त्यांच्या वाटची कढी मी झाकून ठेवली.

परवानगी आली, तिच्यात एक अट घालून. ‘दोन्ही मुख्य दारे पालखीच्या येण्याजाण्यासाठी कायम खुली ठेवण्यात यावीत.’ हे आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता पेढे घेऊन आले. त्या वर्षीचा शिमगा आला तेव्हा फक्त जोतं झालं होतं आणि जोत्यावर पालखी बसत नाही, म्हणून ती बाजूनं गेली. मग पाऊस. पावसानंतर चिऱ्यांच्या भिंती चढल्या, दारं लागली. दादा रोज उडवीजवळून बघायचे. एकदा गवंड्याला म्हणाले, “उंबरा जरा खाली घे, पाय अडकंल.” बाकी आमच्याशी बोलणं कढी-भातापुरतंच.

पुढचा शिमगा आला. सहाणेवरून पालखी उठली. पुढच्या दांड्याखाली नेहमीप्रमाणे दोघं भाऊ, दादा आणि आमचे हे. मी दारात हातात ताम्हण घेऊन उभी. आमच्या घराच्या कडेनं पालखी जाईल एवढी वाट मोकळी होती. बाजूनं वळली असती तर पालखी थेट दादांच्या दारात गेली असती, पहिला मान तसाच राहिला असता, आणि पुढचा खांदा दादांचा. वळवणं त्यांच्याच हातात. कागदावर काहीही असो, नाचत्या पालखीला कोण कागद दाखवणार?

ती आमच्या अंगणाशी आली आणि घुटमळली. त्या कडेला झुकली. परत मध्ये आली, परत कडेला झुकली. ढोलवाल्यांनी ताल वाढवला. ह्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ काहीतरी म्हणत होते. देवीच्या मनात काय होतं, की दादांच्या, ते मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. पालखी सरळ झाली आणि आमच्या उंबऱ्यासमोर येऊन थांबली.

हे दांडा घेऊन तसेच आत निघाले. तेव्हा दादांनी ह्यांच्या दंडाला धरलं.

“खांदा सोड.”

ह्यांना कळेना. “का? काय चुकलं?”

“काय नाय चुकलं. घरवाला खांदा देत नाय. घरवाला दारात उभा ऱ्हातो. माझं घर असतं तेव्हा मी ऱ्हातो ना? जा, वहिनीच्या बाजूला उभा ऱ्हा.” मागच्याला पुढे बोलावून दादांनी ह्यांच्या खांद्यावरचा दांडा त्याच्या खांद्यावर दिला.

जन्मभर मला धाकटे म्हणणारा थोरला दीर त्या दिवशी मानानं वहिनी म्हणाला. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मोकळ्या खांद्यानं उभं कसं राहायचं हेच त्यांना माहीत नव्हतं, हात कुठे ठेवू, काय करू असं झालेलं. मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. पालखी घेऊन आलेल्यांच्या पायांवर घरवाल्यानं पाणी घालायचं असतं. पहिले पाय दादांचे होते. हे वाकले ते पाणी संपलं तरी वर उठेनात.

“पुरे, बाकीच्यांना ऱ्हाऊ दे,” दादा म्हणाले.

मग पालखी आत पाटावर बसली, मी आणि जाऊबाईंनी ओटी भरली, आणि गुरवानं गाऱ्हाणं घातलं. त्यानं ह्यांचं नाव घेतलं, अख्खं, बापाच्या नावासकट. ‘व्हय महाराजा’ सगळ्यात मोठ्यानं दादा म्हणाले.